घाटात डुलकी नको, तटावर पाय नको

रमजान संपत आला की पाचगणी-वाईच्या घरांत शीरखुर्म्याच्या सामानाबरोबर ईदनंतरच्या सहलीचा बेतही ठरतो. प्रतापगड पाहायचा, आंबेनळी घाट उतरायचा आणि पोलादपूर-महाडमार्गे रायगड गाठायचा. शेजारचे हिंदू मित्रही गाडीत असतात. बेत चांगलाच आहे. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली गाडी चालवणाऱ्याची. महिनाभर सहरीसाठी मोडलेली झोप, चाँदरातीचे जागरण, ईदच्या दिवशी पाहुण्यांची सरबराई. आणि तोच माणूस पहाटे घाटाच्या वळणांवर! याच आंबेनळीत २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. त्या अपघाताचे कारण काहीही असो, या घाटात चुकीला जागा नाही. चालकाची झोप पूर्ण झाली नसेल तर सहल एक दिवस पुढे ढकलावी.

दुसरी गोष्ट गडाची. रायगड ही नांदती राजधानी होती. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडाला आग लागली, वाडे जळाले. आज दिसतात ती बहुतेक जोती आणि भिंती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने रायगड, प्रतापगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. तरीही रीलसाठी जोत्यांवर उड्या मारणे, तटावर चढणे, दगडावर नाव कोरणे थांबलेले नाही. सुटलेला दगड गडही खचवतो आणि माणसाचा जीवही घेतो. संरक्षित वास्तूचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. पण प्रत्येक भिंतीपाशी पहारेकरी कुठून आणणार?

इराकमधील मोसुल शहरात २०१७ मध्ये आयसिसने अल-नूरी मशीद आणि तिचा कललेला मिनार उडवून दिला. पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा आधी ढिगाऱ्यातली स्फोटके काढावी लागली. मशिदीबरोबर तिथली चर्चही उभी राहिली. उद्ध्वस्त झालेले पुन्हा उभे करणे किती कठीण, हे त्या शहराला विचारावे. आपल्याला तर उरलेले फक्त जपायचे आहे.

रोजा हात, पाय आणि जीभ आवरायला शिकवतो. ईदनंतर गडावर पाय ठेवताना तो धडा विसरू नये. सोबत भरपूर पाणी घ्यावे, वडीलधाऱ्यांना रोपवेने न्यावे आणि मुलांचा हात धरावा. गड सर्वांचा आहे, म्हणून जबाबदारीही सर्वांची.