सीमा ३० वर्षांहून अधिक काळ बंद, तरी आर्मेनिया आणि तुर्कीच्या पोरांची मैत्री होते कशी?

मे २०२५ आठवतोय? ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीच्या सफरचंदांवर बहिष्कार टाकला. अशा वेळी आपल्या फीडवर आर्मेनिया आपोआप ‘आपला’ होतो. तो भारताकडून पिनाका रॉकेट घेतो, तुर्कीशी त्याचं वैर आहे, विषय संपला.

पण ज्यांचं हे वैर आहे, त्या दोन देशांतली तरुण मुलं एकत्र येतात तेव्हा काय होतं?

वैर नेमकं कशाचं?

१९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि कत्तल झाली. मृतांचा आकडा १५ लाखांपर्यंत सांगितला जातो. आर्मेनियासह फ्रान्स, जर्मनी, अमेरिका त्याला वंशसंहार म्हणतात. तुर्की सरकारला हा शब्द मान्य नाही.

त्यात १९९३ मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात तुर्कीने अझरबैजानच्या बाजूने उभं राहत आर्मेनियाची सीमा बंद केली. तुर्कीतलं कार्स आणि आर्मेनियातलं ग्युमरी यांच्यात जेमतेम ७० किलोमीटर अंतर आहे. पण सीमा बंद असल्याने रस्त्याने जायचं तर जॉर्जियाचा वळसा.

मग भेट होते कशी?

यामागे एक नाव महत्त्वाचं आहे, ह्रांत दिंक. इस्तंबूलमध्ये तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत निघणाऱ्या ‘आगोस’ साप्ताहिकाचे ते संपादक. दोन्ही समाजांनी एकमेकांशी बोलावं, हा त्यांचा आग्रह होता. १९ जानेवारी २००७ रोजी कार्यालयासमोरच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी होता १७ वर्षांचा मुलगा.

त्यांच्या अंत्ययात्रेत लाखभर लोक रस्त्यावर उतरले. हातात फलक होते, ‘आम्ही सगळे ह्रांत दिंक, आम्ही सगळे आर्मेनियन’. पुढे त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. ती दोन्ही देशांतल्या लोकांना एकमेकांकडे जायला प्रवासखर्च देते, काही महिने तिकडे राहून काम करण्यासाठी फेलोशिप देते. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणखी एका प्रकल्पात दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मौखिक इतिहास शिकून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवल्या.

सोपं काय, अवघड काय?

जेवणावर गप्पा लगेच जमतात. तुर्कीतली डोल्मा ती आर्मेनियात तोल्मा. ‘सारी गेलिन’ हे लोकगीत दोन्ही भाषांत गायलं जातं. अर्थात इथेही ‘मूळ कोणाचं?’ हा वाद आहेच. युनेस्कोच्या यादीत २०१४ मध्ये आर्मेनियाचा लवाश गेला आणि २०१६ मध्ये तुर्की, अझरबैजान, इराण वगैरे देशांनी मिळून आपल्या पातळ रोट्यांची नोंद केली.

खरी परीक्षा १९१५ चा विषय निघाला की होते. एकाने शाळेत ‘स्थलांतर’ असा धडा वाचलेला असतो, दुसऱ्याच्या घरात पणजीच्या पिढीतलं कोण वाचलं याची गोष्ट सांगितली जाते. इथे ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणणं म्हणजे एकालाच गप्प बसवणं. म्हणून टिकते ती मैत्री, ज्यात हा प्रश्न विचारता येतो.

याने काही बदलतं का?

सरळ सांगायचं तर सीमा अशा मैत्रीने उघडत नाही. २००८ मध्ये तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष फुटबॉल सामन्यासाठी येरेवानला गेले, २००९ मध्ये करारावर सह्याही झाल्या, पण संसदांची मंजुरी कधी मिळालीच नाही. २०२० च्या युद्धात तुर्कीने पुन्हा अझरबैजानला साथ दिली. शिवाय अशा कार्यक्रमांना बहुतेक तेच तरुण जातात, ज्यांची ऐकायची तयारी आधीच असते.

तरी फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर आर्मेनियाचे मदतीचे ट्रक मार्गाराच्या पुलावरून तुर्कीत गेले. ३० वर्षांत पहिल्यांदाच ती वाट उघडली होती. जून २०२५ मध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान इस्तंबूलला जाऊन एर्दोआन यांना भेटले. नेते हात मिळवतात तेव्हा त्याला ‘गद्दारी’ न म्हणणारे लोक दोन्हीकडे लागतात. ते या भेटीगाठींतून तयार होतात.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘शत्रूचा शत्रू’वालं मीम शेअर करताना एवढं लक्षात ठेवा. ज्यांना आपण एकमेकांचे शत्रू म्हणून ओळखतो, त्यांच्यातलेच काही जण जॉर्जियाचा वळसा घेऊन मित्राला भेटायला निघालेले असतात.