‘परत रन कर’ म्हणण्याआधी

नाशिकला आईचा मिक्सर घरी अधूनमधून बंद पडायचा आणि दुकानात नेला की मुकाट्याने चालायचा. दुकानदार म्हणायचा, “काकू, याला काही झालेलं नाही.” तिसऱ्या खेपेनंतर आईने तक्रार करणं सोडलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज तेच करतो.

आमच्याकडे कोणीही कोडमध्ये बदल केला की हजारो छोट्या चाचण्या आपोआप धावतात. सगळ्या हिरव्या झाल्या तर बदल पुढे जातो, एक जरी लाल झाली तर अडतो. पण काही चाचण्या लहरी असतात. कोडचं अक्षरही न बदलता त्या आज पास, उद्या नापास. त्यांना म्हणतात फ्लेकी टेस्ट. गूगलनेच २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत थोडाफार असा लहरीपणा आहे, आणि हिरव्याची लाल होण्याच्या ८४ टक्के घटनांत एखादी फ्लेकी टेस्ट सापडते. मग माणूस कंटाळतो आणि म्हणतो, “परत रन कर.” मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो.

गेल्या उन्हाळ्यात आमची एक चाचणी रात्रीच्या रनमध्ये कधीकधी पडायची. सकाळी पुण्याची टीम ती परत चालवायची, हिरवी! इथे पिनरमध्ये मी चहा घेईपर्यंत विषय मिटलेला. एका रविवारी, खरं सांगायचं तर बाहेर पाऊस होता म्हणून, मी जुने लॉग काढून बसलो. प्रत्येक वेळी ती रात्री बारा ते एकच्या दरम्यानच पडली होती. रांगेत तिचा नंबर एकनंतर लागला की पास. हिवाळ्यात तर एकदाही नापास नाही.

कारण साधं होतं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. आमचा सर्व्हर मात्र बारा महिने यूटीसीवर. त्यामुळे उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर तासभर लंडनमध्ये नवी तारीख आणि सर्व्हरवर कालची. म्हणजे साडेबाराला कोणी ‘उद्या पैसे भरा’ असं नोंदवलं, तर सर्व्हरचा ‘उद्या’ म्हणजे त्या माणसाचा ‘आज’. पैसे एक दिवस आधी कापले जाणार. पगार उद्या जमा व्हायचा असेल तर खात्यात खडखडाट. चाचणी लहरी नव्हतीच, ती खरं बोलत होती.

याच देशात पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण घडलं. हिशेबातली तूट संगणकामुळे येते, असं पोस्ट चालवणारी माणसं सांगत राहिली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. प्रणालीत दोष होते, असा न्यायालयाचा निकाल २०१९ मध्ये आला. आमची चूक त्यापुढे किरकोळ आहे, मान्य. पण ‘मशीन बरोबर, तुमचंच काहीतरी चुकलं’ ही सवय मला ओळखीची वाटते.

परत रन करण्याचं बटण काढून टाका, असं मी म्हणत नाही. रात्री अकराला रिलीज अडला असताना मीही ते दाबेन. फक्त दुसऱ्यांदा आलेल्या हिरव्याने पहिलं लाल पुसलं जाऊ नये. किती वाजता पडली, कोणत्या मशीनवर, आधी कोणती चाचणी धावली होती, हे नोंदवायचं. नेहमीच्या लहरी चाचण्या बाजूला काढायच्या, पण प्रत्येकीपुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख हवी, नाहीतर ती अडगळीची खोली होते. आणि ‘पाच सेकंद थांबून बघा’ ही मलमपट्टी तर बंदच करा. मंद मशीनवर पाचाचे सहा लागतात.

आमची ती चाचणी आता खरं घड्याळ बघत नाही. तिच्यासाठी कायम जूनमधली रात्र, बारा वाजून वीस मिनिटं. यादीत अजून अकरा आहेत. पहिल्या तीन पुण्याच्या टीमबरोबर सोमवारी उघडणार आहे.