वाङ्मयेतिहासाला राजमुकुट कशाला?

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाचे कोणतेही रूढ पाठ्यपुस्तक उघडले, की त्याची अनुक्रमणिका एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीसारखी दिसते. एलिझाबेथन, जेकोबियन, कॅरोलाइन, रेस्टोरेशन, ऑगस्टन, व्हिक्टोरियन, एडवर्डियन, जॉर्जियन. यांतील बहुतेक नावे सिंहासनावर बसलेल्यांची. एक नाव एका राजाच्या परतण्याचे आणि एक थेट रोमच्या सम्राटाचे. विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ही नावे पाठ करतात, प्रत्येक कालखंडाची 'ठळक वैशिष्ट्ये' उत्तरपत्रिकेत उतरवितात, आणि ज्या देशाने १६४९ साली स्वतःच्या राजाचा शिरच्छेद केला त्या देशाचे वाङ्मय राजांच्या कृपाछत्राखालीच बहरले, अशी समजूत घेऊन बाहेर पडतात. ही समजूत निरुपद्रवी नाही. कोणाला वाङ्मयाच्या मंदिरात प्रवेश द्यावयाचा आणि कोणाला पायरीवर उभे करावयाचे, याचा निकाल कालखंडाचे नावच देऊन टाकते.

मुळात ही नावे वस्तुस्थितीलाही धरून नाहीत. 'एलिझाबेथन' युगाचा शिरोमणी म्हणून ज्याचा गौरव होतो त्या शेक्सपिअरची 'किंग लिअर', 'मॅकबेथ' आणि 'द टेम्पेस्ट' ही नाटके १६०३ साली राणीचे निधन झाल्यानंतरची आहेत. 'रेस्टोरेशन'ची कथा तर याहून उद्बोधक आहे. १६६० साली दुसरा चार्ल्स परतला, नाटकगृहे पुन्हा उघडली, दरबारी विनोदाला बहर आला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु या राजनिष्ठ म्हणविल्या जाणाऱ्या युगातील सर्वांत चिरस्थायी ग्रंथ कोणाचे? 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता मिल्टन हा राजवधाचे जाहीर समर्थन करणारा आणि प्रजासत्ताकाची चिटणिसी केलेला अंध कवी. राजा परतताच त्याची पुस्तके जाळण्यात आली आणि त्यालाही काही काळ तुरुंगात डांबण्यात आले. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' १६७८ साली निघाले. त्याचा कर्ता जॉन बन्यन हा भांडी दुरुस्त करीत गावोगाव फिरणारा कारागीर. राजाज्ञेवाचून प्रवचने करण्याच्या गुन्ह्याखाली त्याने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली. ज्या राजवटीने यांना तुरुंगात घातले तिचेच नाव यांच्या ग्रंथांच्या कपाळी चिकटविणे, हा इतिहास म्हणावयाचा की विडंबन?

आणि जो ग्रंथकार इतका मोठा नव्हता की त्याला वगळणे अशक्य व्हावे, त्याचे काय झाले? १६४९ च्या एप्रिलमध्ये सरे परगण्यातील एका टेकडीवरील पडीक गायरानात काही भूमिहीन माणसे कुदळी घेऊन उतरली आणि त्यांनी भाजीपाला पेरला. भूमी ही सर्वांची सामाईक ठेव आहे, असे त्यांचा पुढारी जेरार्ड विन्स्टन्ली सांगत होता. जमीनदारांनी त्यांना हुसकावून लावले. परंतु विन्स्टन्लीच्या पत्रकांतील गद्य त्या शतकातील अत्यंत तेजस्वी गद्यांपैकी आहे. क्रिस्टोफर हिलसारख्या इतिहासकाराने विसाव्या शतकात त्याला पुन्हा उजेडात आणले. वाङ्मयेतिहासाच्या रूढ अनुक्रमणिकेत मात्र या माणसासाठी खण नाही, कारण त्याच्या युगाला राजा नव्हता.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाला 'ऑगस्टन' म्हणतात. संयम, समतोल आणि अभिरुची ही त्याची लक्षणे. याच युगात, १७३० साली, विल्टशरमधील स्टीफन डक या मळणी करणाऱ्या शेतमजुराची 'द थ्रेशर्स लेबर' ही कविता प्रसिद्ध झाली. कॅरोलाइन राणीने त्याला आश्रय दिला, तनखा दिला. मळणीचे खळे सुटले, दरबाराची शोभा वाढली. १७५६ साली या कवीने पाण्यात उडी घेऊन जीवन संपविले. त्याच्या कवितेत शेतावर राबणाऱ्या बायकांची बडबड्या म्हणून टवाळी होती. तिला १७३९ साली उत्तर दिले ते हॅम्पशरमधील मेरी कॉलिअर या धुणेवालीने. पुरुषाचे काम सूर्यास्ताबरोबर संपते. बाईला शेतावरून परतल्यावर चूल, मुले आणि पुन्हा पहाटेपूर्वी मालकाच्या घरची धुणी असतात, असे तिने आपल्या कवितेत ठणकावले. घरकाम हेही श्रमच आहेत, हा विचार सिद्धान्ताच्या भाषेत मांडला जाण्यापूर्वी कितीतरी आधी एका कष्टकरी स्त्रीने तो काव्यात मांडला. 'समतोल' युगाच्या वैशिष्ट्यांत ही नोंद किती विद्यार्थ्यांना वाचावयास मिळते?

यानंतरच्या रोमँटिक युगाला राजाचे नाव नाही, हे खरे. परंतु तेथे निराळी हातचलाखी झाली आहे. निसर्ग, कल्पनाशक्ती, आत्माविष्कार या शब्दांच्या धुक्यात त्या काळाचे राजकारण विरघळविण्यात आले. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकारासाठी जमलेल्या सुमारे साठ हजारांच्या निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घालण्यात आले. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. ही वार्ता इटलीत पोहोचताच शेलीने 'द मास्क ऑफ अनार्की' लिहून लंडनला ली हंटकडे पाठविले. खटल्याच्या भीतीने ते छापले गेले नाही. छापले गेले १८३२ साली, कवी बुडून मेल्यानंतर दहा वर्षांनी. गायरानांना कुंपणे घालून ती जमीनदारांच्या घशात घालणारे कायदे पार्लमेंट हजारोंनी संमत करीत होते. त्यांपैकी १८०९ च्या एका कायद्याने हेल्पस्टन हे जॉन क्लेअरचे गाव गिळले. त्या उद्ध्वस्त रानांचे दुःख या शेतमजूर कवीने गायिले, तेव्हा त्याच्या सरदार आश्रयदात्याने त्यातील 'जहाल' ओळी काढावयास लावल्या. क्लेअर १८६४ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. वर्डस्वर्थची फुले सर्वांना ठाऊक आहेत. क्लेअरचे कुंपण कोणाला ठाऊक नाही.

१८३७ साली व्हिक्टोरिया गादीवर आली. त्याच साली लीड्स येथे 'नॉर्दर्न स्टार' हे कामगारांचे साप्ताहिक निघाले. ते चार्टिस्ट चळवळीचे मुखपत्र झाले आणि विणकर, चर्मकार, खाणकामगार यांच्या कविता त्यात आठवड्यामागून आठवडा छापल्या गेल्या. १८४२ साली या चळवळीने पार्लमेंटपुढे ठेवलेल्या अर्जावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या. एवढ्या प्रचंड लोकजागृतीतून उभ्या राहिलेल्या वाङ्मयाला 'व्हिक्टोरियन' म्हणावयाचे, आणि तेही म्हणून झाल्यावर त्याला एका तळटीपेपुरतीच जागा द्यावयाची, ही इतिहासलेखनाची कोणती नीती?

यावर विद्वानांचे उत्तर ठरलेले आहे. नावे ही केवळ सोय आहे. वाङ्मयाची पारख कलेच्या निकषांवर व्हावी, वर्गाच्या नव्हे. सोय खरीच, पण कोणाची? आणि कलेचा निकष शुद्ध असेल, तर दरबारातील तिसऱ्या प्रतीच्या पद्यकाराला प्रकरणात जागा आणि क्लेअरला परिशिष्टात, हे कसे? शेक्सपिअरला दरबारी ठरवून मोडीत काढणे हाही अडाणीपणाच होय. मार्क्सच्या घरात शेक्सपिअर भक्तिभावाने वाचला जात असे. थोरांना खाली ओढावे, अशी मागणी कोणी करीत नाही. ज्या समाजाने त्यांना घडविले तो समाज त्यांच्या शेजारी उभा करावा, एवढेच मागणे आहे.

या देशाचा प्रश्न येथेच येऊन भिडतो. इंग्रजी वाङ्मय हा विषय साम्राज्याने वसाहतीत आधी रुजविला. ऑक्सफर्डमध्ये त्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ सालची आहेत. त्याच १८५७ साली अर्नेस्ट जोन्स या चार्टिस्ट कवीने आपली तुरुंगात रचलेली कविता 'द रिव्होल्ट ऑफ हिंदोस्तान' या नावाने पुन्हा प्रसिद्ध केली आणि बंडवाल्यांची बाजू उघडपणे घेतली. त्या वर्षी भारताच्या बाजूने उभा राहिलेला हा इंग्रज कवी भारतातील विद्यार्थ्यांना भेटू नये, याची व्यवस्था राजांच्या नावांनी आखलेल्या अनुक्रमणिकेने चोख केली.

हा रोग इंग्रजीपुरताच नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहासही यादवकाल, बहामनीकाल, शिवकाल, पेशवेकाल असाच शिकविला जातो. तुकोबा गेले त्यानंतर सुमारे पाव शतकाने, १६७४ साली, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. तरी तुकोबा 'शिवकालीन'. महाराजांची थोरवी त्यामुळे तिळभर वाढत नाही. मात्र शूद्र म्हणून हिणविल्या गेलेल्या एका कुणबी वाण्याचा स्वतःचा काळ त्याच्याकडून काढून घेतला जातो.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी अनुक्रमणिका बदलाव्यात. गायरानांच्या लुटीचा काळ, पीटर्लूचा काळ, सनदेचा काळ अशी प्रकरणे लिहिली, तर शेक्सपिअर, मिल्टन आणि वर्डस्वर्थ यांचे काहीही बिघडणार नाही. त्यांना आजवर न लाभलेले शेजारी लाभतील. राजे आपापल्या थडग्यांत विसावले आहेत. त्यांच्या नावांनी जिवंत शब्दांवर राज्य करावे, ही सवलत रद्द करण्यास पार्लमेंटचा कायदा लागत नाही. शिक्षकाने खडू उचलून फळ्यावरील मथळा पुसला, तरी पुरे.