एका थेंबावरचे निदान

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ ‘मधुमेह पूर्ण बरा झाला’ म्हणून पेढे घेऊन माझ्या चिकित्सालयात आले. आठ महिन्यांपूर्वी एका शिबिरात जेवणानंतर दीड तासाने ग्लुकोमीटरवर २०८ हा आकडा आला होता. तेवढ्यावरच मी त्यांना निशा-आमलकी व चंद्रप्रभा सुरू केली होती. बहुमूत्रता, तृष्णा, वजन घटणे यांपैकी एकही लक्षण नव्हते. केसपेपर पाहिला, तेव्हा ध्यानात आले की प्रयोगशाळेतील तपासणी मी करवलीच नव्हती. रोग होता की नाही हेच ठाऊक नसता तो बरा केल्याचे श्रेय कोणत्या तोंडाने घ्यावे? पेढा मात्र खाल्ला.

निदानासाठी शिरेतील रक्त हवे. किमान आठ तास उपाशीपोटी १२६ मि.ग्रॅ., ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा एचबीए१सी ६.५ टक्के, हे निदानाचे किमान आकडे होत. लक्षणे स्पष्ट नसतील तर दुसऱ्या तपासणीने पुष्टी आवश्यक. ग्लुकोमीटर हे देखरेखीचे साधन आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात १५ टक्क्यांची तफावत ग्राह्य आहे. म्हणजे खरी साखर १२६ असता यंत्राने १०७ दाखविले काय किंवा १४४ दाखविले काय, यंत्र निर्दोषच! त्यात आंबा खाल्लेले न धुतलेले बोट आणि कोकणच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या डबीतील पट्ट्या. औषधी दुकानदार बंधूंनी गल्ल्याजवळ यंत्र जरूर ठेवावे, पण आकडा सांगताना ‘तुम्हाला डायबेटिस आहे’ हे वाक्य उच्चारू नये.

एचबीए१सीही सर्वत्र विश्वसनीय नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल आढळतो. रक्तकणांचे आयुष्य घटल्याने तेथे आकडा फसवा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत उलट तो वाढू शकतो.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात, आपणास मूत्रपरीक्षा व पूर्वरूपे पुरेशी आहेत. पूर्वरूपांचे महत्त्व मलाही मान्य आहे. परंतु रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावाचून ती मूत्रात उतरत नाही. मुंग्या लागेपर्यंत थांबणारा वैद्य फार उशिरा जागा होतो.

त्या गृहस्थांची औषधे थांबवून तीन महिन्यांनी रीतसर तपासणी करवली. उपाशीपोटी ९४, ग्लुकोजनंतर १३१. ‘तुम्हाला बहुधा मधुमेह नव्हताच,’ असे त्यांना सांगितले. ते काहीसे नाराज झाले.