पास स्वस्त, तिकीट मात्र आभाळाला

कोलोरॅडोतल्या व्हेल या स्की रिसॉर्टवर २०२४-२५ च्या मोसमात ऐन गर्दीच्या दिवशी खिडकीवर तिकीट काढलं, तर एका माणसाला एका दिवसाच्या लिफ्टचे ३२९ डॉलर पडत होते. बूट, स्की, शिकवणी, जेवण, पार्किंग सगळं वेगळं. या रिसॉर्टच्या मालक कंपनीचा अख्ख्या मोसमाचा ‘एपिक पास’ २०२५-२६ साठी विक्रीला आला तो १,०५१ डॉलरला, म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या घरात. मी पेशानं कॉस्ट अकाउंटंट. असे दोन आकडे शेजारी दिसले की भागाकार आपोआप होतो: सव्वातीन दिवस. चौथ्या दिवसापासून डोंगर फुकट.

हा पास स्वस्त आहे असं इथे डेन्व्हरमध्ये सगळेच म्हणतात. मला विचाराल तर तिकीट मुद्दाम महाग ठेवलंय, म्हणून पास स्वस्त दिसतो.

दर मार्चमध्ये आमच्या मराठी मंडळींत हीच चर्चा रंगते. एपिक घ्यायचा की आयकॉन? एपिक व्हेल रिसॉर्ट्सचा. त्यात व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकेनरिज, कीस्टोन, शिवाय युटाचं पार्क सिटी आणि कॅनडातलं व्हिसलर. आयकॉन अल्टेरा या कंपनीचा. त्यात विंटर पार्क, स्टीमबोट, कॉपर, आणि ठरावीक दिवस अ‍ॅस्पेन. आयकॉनचा २०२५-२६ चा सुरुवातीचा भाव १,३२९ डॉलर. दोघांचेही धाकटे पास आहेत: त्याच मोसमासाठी सुरुवातीला एपिक लोकल ७८३, आयकॉन बेस ९०९. धाकट्या पासात काही डोंगरांवर मोजकेच दिवस मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी नाताळ वगैरे मोठ्या सुट्ट्यांना मनाई असते. नवरा-बायको दोघांचा हिशेब केला तर लोकल १,५६६ आणि बेस १,८१८, फरक २५२ डॉलरचा. आमचा मुलगा प्राथमिक शाळेत आहे. कोलोरॅडोतल्या पाचवीपर्यंतच्या मुलांना व्हेल कंपनी नावनोंदणी केली की काही दिवस मोफत देते, त्यामुळे आमच्या घरात पारडं एपिककडे झुकतं. ज्यांचं घर विंटर पार्कच्या वाटेवर आहे किंवा ज्यांना युनियन स्टेशनवरून आगगाडीनं थेट डोंगराच्या पायथ्याशी उतरायचंय, त्यांनी खुशाल आयकॉन घ्यावा. या वादात याहून जास्त काही नाही.

खरी गोम पुढे आहे. २००८ साली कंपनीप्रमुख रॉब कॅट्झ यांच्या कारकिर्दीत व्हेलनं एपिक पास काढला तेव्हा त्याची किंमत होती ५७९ डॉलर. त्याआधीच्या पासांच्या मानानं ती इतकी कमी होती की लोक चाट पडले. तेव्हा व्हेलचं दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे सतरा वर्षांत पास दुपटीलाही पोचला नाही आणि तिकीट तिपटीच्या वर गेलं. आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास असतो, पण तो खपावा म्हणून महामंडळ नाशिक-पुण्याचं साधं तिकीट तिप्पट करत नाही!

कंपनीच्या बाजूनं हा व्यवहार चोख आहे. वसंतात भाव सगळ्यात कमी, मग उन्हाळ्यापासून चढत जातो, आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात विक्री बंद. आभाळातून बर्फाचा कण पडायच्या आत पैसे जमा. पुढे हिवाळा कोरडा गेला तर पासधारकानं बोटं मोडावीत. मार्च २०२० मध्ये करोनानं डोंगर बंद झाले, तेव्हा पासधारकांना व्हेलनं रोख पैसे दिले नाहीत. पुढच्या वर्षीच्या पासात सूट दिली. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस पार्क सिटीच्या स्की पेट्रोलनं, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकानं, सुरुवातीचा पगार तासाला २१ वरून २३ डॉलर व्हावा म्हणून संप केला. तेरा दिवस चालला तो. ऐन सुट्टीत निम्म्याहून अधिक डोंगर बंद आणि लिफ्टपुढे मैलभर रांगा. तिथेही भरपाई आली ती पुढच्या मोसमाच्या पासावरच्या सवलतीच्या रूपात. दुखापतीवर औषध म्हणून तीच गोळी पुन्हा.

आणि दोन कंपन्यांची चढाओढ आहे म्हणून गिऱ्हाइकाचं भलं होईल, हेही फारसं खरं नाही. अरापाहो बेसिन या छोट्या, खडतर डोंगराची गोष्ट बघा. एपिकवाल्यांच्या गाड्यांनी पार्किंग ओसंडायला लागलं म्हणून डोंगरवाल्यांनी २०१९ मध्ये व्हेलशी असलेलं जुनं नातं तोडलं. पास मोजकेच विकायचे, गर्दी आटोक्यात ठेवायची, असा बाणेदारपणा दाखवला. मग मर्यादित दिवसांसाठी आयकॉनमध्ये गेले. २०२४ मध्ये अल्टेरानं तो डोंगरच विकत घेतला.

यात मार खातो तो नवशिका. वर्षात एखादाच दिवस बर्फावर जाणारा, स्की हा प्रकार आपल्याला जमतो का ते बघणारा. माझी नणंद नाताळात नाशिकहून आली आणि म्हणाली, “वहिनी, एक दिवस आम्हीपण घसरून बघतो की.” तिचं आणि मेव्हण्यांचं व्हेलचं खिडकीवरचं तिकीट साडेसहाशेच्या वर जात होतं, तेही नवशिक्यांच्या ‘बनी स्लोप’वर दिवसभर आपटण्यासाठी! आम्ही त्यांना लव्हलँडला नेलं. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी असलेला हा डोंगर या दोन्ही कंपन्यांचा नाही. तिकीट कितीतरी कमी आणि नवशिक्यांसाठी वेगळी जागा. नणंद दुपारपर्यंत लिफ्टवरून न पडता उतरायला शिकली. मेव्हणे कॉफी पीत बसले, ते सोडा.

कंपनीलाही आता हे उमगलेलं दिसतं. कॅट्झ २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख झाले आणि थोड्याच महिन्यांत पासधारकांच्या मित्रांसाठी निम्म्या किमतीच्या तिकिटांची घोषणा झाली. पाऊल चांगलं आहे, पण त्यासाठीही ओळखीत पासवाला लागतोच. माझं म्हणणं साधं आहे: खिडकीचा भाव उतरवा आणि पास शंभर डॉलरनं महाग करा. आम्ही नेमानं जाणारे ते सोसू. दारातूनच परत गेलेला माणूस मात्र पुढे कधीच पास घेणार नाही.

तोवर नाताळात डेन्व्हरला किंवा सॉल्ट लेक सिटीला मुलांकडे निघालेल्या वाचकांना एक सांगणं. व्हेलच्या डोंगरांवर जायचं असेल तर एक ते सात दिवसांचा ‘एपिक डे पास’ मिळतो. मुलांना तो नोव्हेंबरातच घेऊन ठेवायला सांगा. विमानातून उतरल्यावर विचाराल, तर त्याची विक्री बंद झालेली असेल.