घरपट्टी तिच्या हस्ते, घर कोणाच्या नावे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या चौदा पावत्या होत्या, जपून, घडी न मोडता ठेवलेल्या. नवरा अकरा वर्षांपूर्वी शहरात गेला, तिकडेच दुसरा संसार मांडला. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर तिने बचत गटाचे कर्ज काढून, विटा स्वतः वाहून पुरे केले होते. पट्टी दरवर्षी मार्चअखेर तीच भरायची. गावठाणाच्या मोजणीनंतर चौकशीची यादी वाचून दाखवली, तेव्हा तिच्या घरापुढे तिच्या दिराचे नाव निघाले. "ताई, पट्टी मी भरली, मग घर त्याचं कसं?" एवढाच तिचा प्रश्न होता.

पावत्या पाहिल्या. पहिल्या अकरा नवऱ्याच्या नावाच्या आणि शेवटच्या तीन दिराच्या. बाईला वाचता येत नाही. ती आकडा ओळखायची, शिक्का बघायची आणि पावती डब्यात ठेवायची. तिचे नाव पावतीवर एकाच ठिकाणी होते, खाली कोपऱ्यात, 'हस्ते' या शब्दानंतर.

मैत्रिणींनो, हा 'हस्ते' शब्द मला तेव्हापासून सोडत नाही. पैसा तिचा, कष्ट तिचे, पंचायतीच्या पायऱ्या चढणारे पाय तिचे, आणि कागदावर ती कोण? दुसऱ्याच्या वतीने पैसे पोचवणारी! पुरुषप्रधान व्यवस्था म्हणजे काय हे आपण शिबिरांमधून तासन्‌तास समजावतो. ती व्यवस्था ग्रामपंचायतीच्या पावती पुस्तकात एका शब्दात छापून ठेवलेली आहे.

या लेखात तक्रार शासनाबद्दल आहेच, पण आधी ती आपल्याबद्दल आहे. आपण स्त्री संघटनांनी शेतजमिनीचा सातबारा वाचायला शिकून घेतले. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, १९९२ साली शासनानेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक काढले. परित्यक्तांच्या चळवळीने पोटगीबरोबर निवाऱ्याचा प्रश्न मांडला. पण गावातले घर ज्या नोंदवहीत लिहिलेले असते, ती वही आपल्यापैकी किती जणींनी उघडून पाहिली आहे? मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. दोन वर्षांत समुदाय संघटन, केसवर्क, संशोधन पद्धती सगळे झाले, पण नमुना ८ कोणी दाखवला नाही. तो मला एका शिपायाने शिकवला.

ती वही कशी असते ते सांगते, कारण आपल्याला कोणी सांगत नाही. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही म्हणजे नमुना ८. वर्षाची मागणी नमुना ९ मध्ये लिहितात, आणि आपल्या हातात येते ती पावती म्हणजे नमुना १०. नमुना ८ मध्ये मालमत्ता क्रमांक असतो, गल्ली किंवा गट नंबर असतो. मग मालकाचे किंवा धारण करणाऱ्याचे नाव, आणि त्याला लागूनच वेगळा रकाना भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा. पुढे घराचे वर्णन, बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा दर, घसारा, भांडवली मूल्य. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून कर या भांडवली मूल्यावर बसतो. त्यानंतर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी यांच्या रकमा. आणि अगदी शेवटी शेरा.

बहुतेक जण रकमेचा रकाना वाचून वही मिटतात. आपण दोनच रकाने आधी वाचायचे, भोगवटादाराचा आणि शेऱ्याचा. भोगवटादाराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'स्वतः' किंवा 'खुद्द' असे लिहून मोकळे होतात. अकरा वर्षे गावात पाय न ठेवलेला नवरा 'स्वतः' राहतो, आणि रोज चूल पेटवणारी बाई राहतच नाही! ही नोंद नुसती अन्यायाची नाही, ती सरळ सरळ खोटी आहे. ती खोटी आहे असे लेखी कळवायला नवऱ्याची संमती कशाला हवी?

शेऱ्याच्या रकान्यात नाव कधी आणि कशाच्या आधारे बदलले ते सापडते. आमच्या बाईच्या बाबतीत तिथे मासिक सभेच्या ठरावाचा क्रमांक होता. ठराव मागवला तर त्याला नवऱ्याचे शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे संमतीपत्र जोडलेले. घरात राहणाऱ्या बाईला ना नोटीस, ना विचारणा. त्या सभेला दोन महिला सदस्य हजर होत्या असे इतिवृत्त सांगते. त्यांना भेटले तर म्हणाल्या, "आम्हाला सह्या करायला वही घरी आली होती." हा विषय निराळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता आपल्यातल्याच वकील मैत्रिणी काय म्हणतात ते ऐका. "अगं, घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावाच नाही. न्यायालयांनी कितीदा सांगितलंय. त्यामागे कशाला लागता?" त्या म्हणतात ते खरे आहे. कराची नोंद कर वसूल करण्यासाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. पण या वाक्याचा फायदा आजवर कोणाला झाला? बाई पंचायतीत नाव लावायला गेली की ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून ग्रामसेवकच) तिला सांगतो, "बाई, हा काही मालकीचा कागद नाही, नाव लावून काय करणार?" तोच ग्रामसेवक दिराचे नाव मात्र एका ठरावात लावतो. कागद बिनमोलाचा असेल तर दीर त्यासाठी मुद्रांक कशाला खर्च करतो?

दुसरे म्हणजे, जुन्या गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ज्या गावात नगर भूमापन झालेले नाही तिथे घराचा सरकारी कागद म्हणून नमुना ८ शिवाय असतो तरी काय? वीज मीटर, घरकुलाचा अर्ज, पतसंस्थेचे कर्ज, सगळीकडे हाच उतारा मागतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली बाई सामायिक घरात राहण्याचा हक्क मागते, तेव्हा 'ही इथे राहतच नव्हती' हा सासरचा पहिला बचाव असतो. सामायिक घर नवऱ्याच्याच मालकीचे असले पाहिजे असे नाही, सासरच्या नातेवाइकाचेही असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पण ती तिथे नांदत होती हे दाखवता आले तर तिची बाजू भक्कम होते. भोगवट्याची नोंद आणि 'हस्ते'वाल्या पावत्या अशा वेळी उपयोगी पडतात, म्हणून पावती टाकून देऊ नका.

आणि आताची घाई वेगळीच आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून घराघराची मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. कोणते घर कोणाचे या चौकशीला बसताना अधिकाऱ्यापुढे पहिला कागद असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. जी वही काल 'फक्त कराची' होती, तिच्यातली नावे मिळकत पत्रिकेवर उतरतात. पत्रिका हाती पडल्यावर 'ती फक्त कराची नोंद होती हो' असे सांगायला आपण कोणाकडे जाणार? चौकशीच्या दिवशी हरकत घेतली तर एक अर्ज पुरतो. नंतर अपील, वकील, तारखा.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. ग्रामविकास विभागाने २००३ साली परिपत्रक काढून राहते घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायला सांगितले. 'घर दोघांचे' म्हणून कार्यक्रम झाले, हळदीकुंकवात उतारे वाटले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पंतप्रधान आवासचे घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होते. पण नाव लावण्याची ही सारी मोहीम सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. नवरा आनंदाने सही देतो तिथे नाव लागते. जिथे नवरा सही देत नाही, मारतो, टाकून गेलेला आहे, म्हणजे जिथे बाईला त्या नोंदीची खरी गरज आहे, तिथे ग्रामसेवक संमतीपत्र मागतो आणि परिपत्रक फायलीत राहते. जिला हाकलले तिनेच हाकलणाऱ्याची परवानगी आणायची! माहेरच्या घराचे तर बोलूच नका. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. वडील वारल्यावर शेतीच्या वारस नोंदीत बहिणींची नावे येतात, नंतर हक्कसोडपत्र करून घेतात ते वेगळे. पण घराची वारस नोंद पंचायतीच्या ठरावात होते, आणि तिथे बहिणी वहीत येतच नाहीत हे आमच्या कामात वारंवार दिसते. त्यांच्याकडून काही सोडवून घ्यावे लागत नाही, कारण काही लिहिलेलेच नसते.

आता गंमत बघा. हीच वही बाईला एका बाबतीत मात्र विसरत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे कराचे बिल मिळून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर सदस्यत्व जाते. त्याखालचे स्पष्टीकरण म्हणते की एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला तरी कुटुंबातले सगळे अपात्र. म्हणजे घर सासऱ्याच्या नावे, थकबाकी सासऱ्याची, आणि राखीव जागेवर निवडून आलेली सून घरी! पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या त्याला दशकाहून अधिक काळ लोटला. उमेदवारी अर्ज भरायच्या दिवसांत पंचायतीसमोर उभ्या राहा. ज्या घरावर आपले नाव नाही त्याची बाकी भरायला मंगळसूत्र गहाण टाकून आलेल्या बाया दिसतील. अतिक्रमणाचेही तेच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्येचे अपात्रत्व कायम केले. सरकारी जागेवरचे अतिक्रमण सासरा आणि नवरा यांचे होते. अतिक्रमित घरात राहणे हेच सदस्याला अपात्र ठरवायला पुरेसे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारी जमीन बळकावणारे पंचायतीत नकोत हे मलाही मान्य आहे. पण प्रश्न असा की दंड करायचा असतो तेव्हा 'ती त्या घरात राहते' हे कायद्याला लगेच दिसते, मग हक्क द्यायचा असतो तेव्हा भोगवटादाराच्या रकान्यात 'स्वतः' कसे येते? कुटुंब म्हणून जबाबदारी वाटून घ्यायची आणि मालमत्ता एकट्या पुरुषाच्या नावे ठेवायची, हे चालणार नाही.

नावांचा घोळ वेगळा. जुन्या नोंदींत बाई सापडलीच तर ती 'भ्र.' लावून, म्हणजे अमुक भ्रताराची. कुठे माहेरचे नाव, कुठे सासरचे, आधार कार्डावर तिसरेच. एका वस्तीत आम्हाला एकाच बाईची दोन घरांच्या उताऱ्यांवर दोन वेगळी नावे मिळाली, आणि 'या दोन बायका आहेत' असे ग्रामसेवकाने लिहूनही दिले होते! म्हणून अर्ज करताना सगळी नावे 'उर्फ' करून एकत्र लिहा आणि ओळखीचे कागद जोडा.

उतारा मागायला घाबरण्याचे कारण नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नमुना ८ चा उतारा ही ठरलेल्या मुदतीत द्यायची सेवा आहे. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. ठराव आणि जोडलेले कागद माहितीच्या अधिकारात मागा. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, तेव्हा यादी लावून हरकती मागवतात. ती संधी गावातल्या सगळ्या परित्यक्ता आणि विधवांनी मिळून साधली पाहिजे. एकटीने अर्ज दिला की भांडण घरात शिरते, तीस जणींनी एकदम दिला की तो पंचायतीचा विषय होतो. आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे करता येते. नवऱ्याच्या सहीवाचून निदान भोगवट्याची खरी नोंद करा, ही आपली पहिली मागणी असावी. घरात राहणाऱ्या बाईला नोटीस दिल्याशिवाय नाव बदलण्याचा ठराव नको, ही दुसरी.

डबा घेऊन आलेल्या बाईची हरकत चौकशी अधिकाऱ्याने नोंदवून घेतली आहे, निकाल अजून नाही. दिराने मध्ये दोनदा दाराला कुलूप घातले, दोन्ही वेळा गटातल्या बायांनी जाऊन उघडायला लावले. यंदाची पट्टीही तिनेच भरली. या वेळी पावती लिहिणाऱ्याला तिने 'हस्ते'पुढे पूर्ण नाव लिहायला लावले आणि शेजारच्या पोरीकडून ते वाचवून घेतले.

पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीने आपापल्या सासरच्या आणि माहेरच्या घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन यावे. मीही आणणार आहे. माझ्या गावच्या घराचा उतारा मी गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा काढला. आजोबा, वडील, काका सगळे आहेत. आई नाही, आणि मीही नाही.