चित्रातला घोडा आणि हृदयरोगी

भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना शंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. भिंतीवर रंगवलेल्या घोड्याला आपण घोडाच म्हणतो. तो खरा मानत नाही आणि खोटा म्हणून झिडकारतही नाही. एम.ए.च्या वर्गात हा दृष्टान्त बहुधा टिपेपुरता उरतो. 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' ऊर्फ आभासी वास्तवाने तो आता हृदयरोग्याच्या खाटेपाशी आणून उभा केला आहे.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात २०१७ च्या सुमारास असे दोन प्रकल्प पुढे आले. 'स्टॅनफर्ड व्हर्च्युअल हार्ट'मध्ये डोळ्यांवर यंत्र चढवले, की पालक वा विद्यार्थी थेट हृदयाच्या कप्प्यांत उतरतात आणि जन्मजात दोष आतून पाहतात. 'प्रोजेक्ट ब्रेव्ह हार्ट' हृदयात नळी घालण्याच्या उपचारासाठी येणाऱ्या मुलांना रुग्णालयातल्या जागांची ओळख आधीच, घरबसल्या करून देतो.

दोहोंत फरक आहे तो दृष्टिबिंदूचा. पहिल्यातला निवेदक सर्वसाक्षी आहे. ती जागा कोणत्याही रुग्णाला प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. दुसऱ्यातला प्रथमपुरुषी आहे. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. शरीररचनेला कोण भितो? अँजिओग्राफीला निजलेला प्रौढ माणूस बहुधा जागा असतो. मनगटातून किंवा जांघेतून नळी सरकत असते, खोली गार असते, भोवतालच्या माणसांनी शिशाचे अ‍ॅप्रन घातलेले असतात, क्ष-किरणांचे धूड छातीभोवती फिरते आणि रंगद्रव्य सोडताच अंगातून ऊष्ण लहर जाऊ शकते. ती लहर अपेक्षित आहे, हे ज्याला कुणी सांगितलेले नसते त्याला वाटते, आटोपले सारे.

१९२९ साली एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढवले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात पुढे त्याचा वाटा होता. त्या प्रयोगात तो लेखकही होता आणि पात्रही. रुग्ण मात्र नुसता पात्र असतो. पुढचे पान त्याला ठाऊक नसते. (कॅथेटर आणि कॅथार्सिस हे शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण ग्रीकमध्ये त्यांचे धातू वेगळे आहेत : एक आत सोडण्याचा, दुसरा शुद्ध करण्याचा.)

म्हणूनच या यंत्राकडून विरेचनाची अपेक्षा ठेवू नये. शंकुकाच्या प्रेक्षकाला उद्या त्या घोड्यावर बसायचे नसते. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे अभिनवगुप्ताने रसविघ्न मानले आहे, आणि रुग्ण तर त्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याच्या भयाचे साधारणीकरण होणे नाही. यंत्र त्याला देऊ शकते ते दुसरे वाचन. कथेतली उत्कंठा आपल्याला सुखावते, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती निव्वळ क्रौर्य ठरते.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. धीर देण्यासाठी केलेले असे चित्रण स्वभावतःच सुखात्मिकेकडे झुकते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि त्यातली जोखीम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळायला हवी. धीर देणे आणि माहिती देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले चोख झाले म्हणून दुसरे उरकल्यासारखे दाखवणे कोणत्याही गर्दीच्या रुग्णालयाला सोयीचेच. शिवाय डोळे झाकलेल्या माणसाने 'पण डॉक्टर...' म्हणून अडवायचे कुणाला? यंत्र उतरवल्यावर समोर माणूस हवा, आणि त्याच्यापाशी वेळ हवा.

आता मराठीचे. हे तंत्र आपल्याकडच्या रुग्णांसाठी वापरायचे तर त्यातला आवाज कोणत्या मराठीत बोलणार? 'आपली प्रक्रिया आता आरंभ होत आहे' या मराठीत असेल, तर साताऱ्याच्या आजींची धडधड वाढेलच. आपल्या बोलण्यात कळ छातीत येते, धस्स काळजात होते. 'हृदय' बहुतांशी कवितेत आणि डॉक्टरांच्या पाटीवर. 'आता हातात जरा गरम वाटेल, घाबरू नका, तसं वाटतंच' एवढे एक वाक्य नीट लिहिणे हे अनुवादयंत्राचे काम नव्हे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अजून बँकेला पाठवायचे अर्ज लिहून घेतो. त्यांच्या जागी एखाद्या सत्रात विद्यार्थ्यांना हृदयरोगतज्ज्ञाशेजारी बसवून ही संहिता लिहून घेता येईल. पहिला खर्डा रुग्णांनाच वाचून दाखवावा.